वेळेचा रकाना

माझ्या पक्ष्यांच्या वहीत पाच रकाने असतात. तारीख, वेळ, जागा, पक्षी काय करत होता, आणि शेवटी पक्ष्याचं नाव, तेही पेन्सिलीनं. पहिले चार भरल्याशिवाय पाचव्याला हात लावायचा नाही, हा माझा नियम. नाव चुकू शकतं, खोडता येतं. वेळ चुकली तर सगळीच नोंद गेली.

मागच्या उन्हाळ्यात माझी लेक परदेशात संकटात होती आणि ते मला दिसायला सात आठवडे लागले. ते माझ्याच फोनमध्ये होतं, माझ्याच रकान्यांत, माझ्याच पद्धतीनं लिहिलेलं. ते मी कसं वाचलं नाही हे लिहून काढायचं ठरवलंय, कारण आमच्या रविवारच्या मंडळींच्या चुका मी गेली पंधरा वर्षं लाल पेनानं दाखवत आलेय. आता माझीही एक असू दे.

मी तीस वर्षं दिल्लीत एका सरकारी खात्याच्या आवक-जावक विभागात काढली. आलेल्या कागदावर तारीख नि वेळ नसेल तर तो कागद आलाच नाही, असं आम्ही मानायचो. निवृत्त झाल्यावर खुर्ची गेली, पण सवय गेली नाही. दर रविवारी सकाळी दिल्लीतल्या द्वारकेहून आम्ही दहाबारा जण नजफगढच्या नाल्याकाठी पक्षी बघायला जातो. नाला म्हटलं की माझी पुण्याची बहीण नाक मुरडते. मुरडू दे. थंडीत तिथं जे उतरतं ते तिच्या टेकडीवर तिला दिसायचं नाही. आमच्यातलं कुणीतरी उत्साहानं येतं, "आंटी, कल एक फ्लायकॅचर देखा!" आणि मी विचारते, "कितने बजे?" तो म्हणतो, "टाइम तो याद नहीं." मग मी म्हणते, "तो बर्ड भी याद नहीं है, बेटा." लोक मला घाबरतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. नवरा म्हणतो, हिला न्यायला यमदूत आला तरी ही त्याला आधी रजिस्टरमध्ये वेळ लिहायला लावेल.

लेक सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या मागे तेव्हा नुसतं विलायती कीकरांचं, म्हणजे वेड्या बाभळींचं, रान होतं. एकदा तिनं बाल्कनीतून एक पक्षी एकटीनं पाहिला आणि माझ्या वहीत आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत नोंद केली. वेळ लिहिली होती सकाळी सात. मी म्हटलं, "सात वाजता तू शाळेच्या बसमध्ये होतीस." तिचा चेहरा पडला. पक्षी तिनं पाहिला होता, फक्त वेळ आठवत नव्हती म्हणून ठोकून दिली होती. मी लाल पेन घेतलं नि ओळीवर रेघ मारली. "वेळ खोटी तर पक्षीही खोटा," असं म्हटलं. ती न्हाणीघरात जाऊन रडली. नवरा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पण त्यानंतर त्या पोरीनं वहीत खोटी वेळ कधी लिहिली नाही. मला त्याचा अभिमान होता, अगदी परवापरवापर्यंत.

ती तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेली. सॉफ्टवेअरचं काम. मागच्या दिवाळीत तिला बढती मिळाली तेव्हा नवऱ्यानं आमच्या अख्ख्या टॉवरला पेढे वाटले, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा. फोन दर रविवारी संध्याकाळी. नवऱ्याला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर, जेवणाच्या टेबलाच्या मधोमध. शेजारीण आलेली असली तर तीही ऐकायची. मार्चपासून त्या फोनवर काही उरलंच नव्हतं.

"कशी आहेस गं?"

"ठीक."

"ऑफिस?"

"चालू आहे."

"जेवलीस का?"

"हो यार आई, जेवले."

कॅमेरा बंद. विचारलं तर म्हणायची नेट स्लो आहे. माझ्या मनात पाल चुकचुकायची, पण माझ्या मनात ती रोजच चुकचुकत असते. दारावरची बेल दोनदा वाजली तरी मला वाटतं कुणाचं तरी काहीतरी झालं. त्यामुळे खरी पाल कुठली नि खोटी कुठली हे कळणं मला फार वर्षांपूर्वीच बंद झालंय.

आणि मग एप्रिलच्या मध्यावर तिचा निरोप आला. नुसता मला. एक अंधूक फोटो, खाली चार ओळी.

"मंगळवार, १६ तारीख. ११.१०. तळ्याजवळचा बाक. पानांखालचे किडे टिपत होता. आई, हा कोण?"

मी किती खूश झाले ते काय सांगू! कॉलेजात गेल्यापासून तिनं पक्ष्यांचं नाव काढलं नव्हतं. दुर्बीण तिच्या कपाटात पडून होती. आणि आता आपण होऊन, चारही रकाने भरून, एक पक्षी पाठवलाय. मी नवऱ्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "चिमणी आहे." मी फोन काढून घेतला.

चिमणी नव्हती. पर्णवटवट्या होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चिमणीहून बराच लहान. वरून शेवाळी-तपकिरी, पोटाला मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई. एका जागी तीन सेकंद बसत नाही. पानाखालचा किडा टिपला की पुढच्या पानावर. यांच्या कितीतरी जाती, आणि सगळ्या एका आईची लेकरं वाटाव्यात अशा. भले भले लोक यांच्यापुढे हात टेकतात, वहीत "वटवट्या, कुठलातरी" असं लिहून पुढे जातात. मी जात नाही.

तिच्याकडे उमेदवार दोन. एक चिफचॅफ, जो दिल्लीतही थंडीत येतो. आमच्याकडे येतो तो सायबेरियाकडचा, जरा वेगळ्या घरचा, पण ओळखीचा. ऑक्टोबरात आला की मार्चपर्यंत नाल्याकाठच्या कीकरांत असतो. दुसरा विलो वॉर्बलर. तो आपल्याकडे येत नाही, थंडीत आफ्रिकेला जातो. मी तो उभ्या जन्मात पाहिलेला नाही. दोघांत फरक काय, तर चिफचॅफचे पाय काळपट, विलोचे फिकट. चिफचॅफ शेपटी सारखी खाली दाबतो. आणि गाणं वेगळं. चिफचॅफ दोनच सूर उलटसुलट घोळवत बसतो. विलोचं गाणं वरून सुरू होतं आणि घरंगळत खाली येऊन संपतं.

मी उलट विचारलं, "पायांचा रंग?"

तिचं उत्तर दोन तासांनी आलं. "नाही पाहिला."

मी लिहिलं, "पाय पाहिल्याशिवाय नाव नाही. उद्या परत जा."

ती दुसऱ्या दिवशी परत गेली. बुधवार, १०.४०, तोच बाक. पाय काळपट. मी चिफचॅफ लिहून तिला शाबासकी दिली. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही, की मी उद्या जा म्हटलं आणि ती, एवढ्या मोठ्या कंपनीतली नोकरदार बाई, बुधवारी पावणेअकराला खरंच गेली कशी.

मग ते रोजचंच झालं. आठवड्यातून दोनतीन निरोप. इकडे दिल्लीत मे महिना तापत होता. सकाळी नऊलाच बाल्कनीचा कठडा हाताला चटका द्यायचा. आमचे चिफचॅफ कधीच निघून गेले होते. आणि माझा फोन मात्र त्या थंड, ओल्या, हिरव्या देशातल्या वटवट्यांनी भरत होता. फोटो नीट येत नसत, म्हणून मी तिला आवाज पाठवायला सांगितलं. ते आवाज मी दुपारी पडदे ओढून, कानात इअरफोन घालून, वीसवीस वेळा ऐकायची. नवरा म्हणायचा, "लेकीचा आवाज एवढा कधी ऐकला होतास का गं?" मी त्याला हातानं गप्प करायची. त्यात लेकीचा आवाज नसायचाच, फक्त पक्ष्याचा.

माझे निरोप मी आता परत वाचले. वाचवत नाहीत. "फोकस नाही." "भुवई फिकट की पिवळसर? नीट बघ." "शेपटी दाबतो का ते लिहिलं नाहीस." "आवाजात मागे घंटा वाजतेय, पुन्हा रेकॉर्ड कर." एकदा तिनं काय करत होता या रकान्यात लिहिलं होतं, "काही नाही. एकटाच बसून होता." मी कळवलं, "वटवट्या नुसता बसत नाही. निरीक्षण अपुरं."

काळजी करत नव्हते असं नाही. मी तर काळजीत पीएचडी केलेली बाई. कुठेतरी वाचलं, की तिकडे गवतात गोचिडी असतात आणि त्या चावल्या की आजार होतो. झालं! रात्री झोप उडाली. मी तिला एका दिवसात तीन निरोप पाठवले, मोजे पँटवर ओढ, घरी आल्यावर गुडघ्यामागे बघ, कानामागे बघ. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं माझ्या मनानं गोचीड चिंतली, पाऊस चिंतला, ओल्या बाकावर बसून होणारी सर्दी चिंतली. समोर लिहिलेलं तेवढं चिंतलं नाही. ती दर वेळी लिहायची, "हो आई. बघते." आणि दोन दिवसांनी पुन्हा पक्षी.

जूनच्या पहिल्या शनिवारी दुपारी लाइट गेले. इन्व्हर्टरवर एक पंखा चालू होता, त्याच्याखाली मी बसले. वेळ जात नव्हता म्हणून लेकीच्या नोंदी फोनवरून वहीत उतरवायला घेतल्या. एकूण एकोणीस झाल्या होत्या. आता उतरवायची माझी पद्धत सांगते, कारण त्या पद्धतीमुळेच सगळं दिसलं. आमच्या विभागात ओळीनं लिहीत नसू. एक रकाना वरून खालपर्यंत भरायचा, मग दुसरा. हाताला लय येते, चूक कमी होते. मी आधी तारखा घेतल्या, शेजारी वारही लिहीत गेले. मंगळवार. बुधवार. शुक्रवार. सोमवार. गुरुवार. मंगळवार. बुधवार.

मग वेळा. ११.१०. १०.४०. ११.२५. १०.५८. ११.००.

नवव्या की दहाव्या वेळेला माझं पेन थांबलं.

एकही शनिवार नव्हता. एकही रविवार नव्हता. एकोणीस कामाचे दिवस, आणि सगळ्या वेळा साडेदहा ते साडेअकराच्या मधल्या. जागेचा रकाना भरायचीही गरज नव्हती. जवळजवळ सगळीकडे तळ्याजवळचा बाक.

मी भराभर कारणं शोधायला लागले. घरून काम करत असेल. पण मग घरात असेल ना, बाकावर कशाला? सुट्टी घेतली असेल. सात आठवडे? मग एकदम सुचलं, तिच्या फोनवर अजून भारतातली वेळ असेल! आपले अकरा म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. ऑफिसला जाण्याआधी पोरगी पक्षी बघते, किती शहाणी! मला इतकं हायसं वाटलं की मी उठून चहा टाकला. गॅससमोर उभी राहून स्वतःशी हसलेसुद्धा.

चहा उकळत होता आणि मला ती घंटा आठवली.

गॅस बंद केला. इअरफोन शोधले. तिनं ११.०० अशी वेळ लिहून पाठवलेला तो आवाज लावला. आधी पक्षी, दोन सूर, उलटसुलट. मग त्याच्या मागे, दूर, चर्चची घंटा. मी तिला हीच काढून टाकायला सांगितली होती. आता पक्षी मागे पडला आणि मी घंटा ऐकली. बोटांवर मोजली. दोन हातांची बोटं संपली आणि वर एक ठोका झाला. अकरा.

पोरीनं वेळ खरी लिहिली होती. ती नेहमीच खरी लिहिते.

काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी ऑफिसातल्या किती जणांना ऐकवली असेल. त्या दुपारी ओट्याला टेकून मी स्वतःला ऐकवली, आणि मला अजिबात हसू आलं नाही. नोंदी पुन्हा वाचल्या, आता पक्षी सोडून. सुरुवातीच्या लांब होत्या. किडे टिपत होता, फांदीवरून फांदीवर जात होता, दुसऱ्याला हाकलत होता. पुढेपुढे आखूड होत गेल्या. "बसला होता." "दिसला नाही, फक्त आवाज." शेवटच्या नोंदीत जागा थोडी बदलली होती. "बाकाच्या पुढे, अगदी पाण्याच्या काठाला."

मला त्या पाण्याची भीती वाटली. आता सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. पुढचे दोन दिवस मी डोळे मिटले की मला ते न पाहिलेलं तळं दिसायचं.

नवऱ्याला सांगितलं नाही. त्यानं प्रेमापोटी तिथल्या तिथे फोन लावला असता आणि स्पीकरवर ओरडून विचारलं असतं, नोकरी गेली का गं तुझी? म्हणून मी पोटात ठेवलं. शनिवारी रात्री मी ताटात भात घेतला आणि तसाच ठेवून उठले. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "उकडतंय."

रविवारी नाल्यावर गेले नाही. मंडळींचे निरोप आले, आंटी तबीयत ठीक है ना? संध्याकाळी नेहमीसारखा फोन. टेबलाच्या मधोमध.

"ऑफिस?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून सवयीनं गेलं.

"चालू आहे," ती म्हणाली.

नवऱ्यानं विचारलं, "बॉस काय म्हणतो तुझा? खूश?"

"बिल्कुल, बाबा," ती म्हणाली आणि हसली. ते हसणं मी ऐकलं. तीन महिने ऐकत होते तेच. पक्ष्याच्या दोन सुरांतला फरक वीस वेळा ऐकून पकडणाऱ्या या कानांना ते एकदाही खटकलं नव्हतं.

सोमवारी दुपारी नवरा जेवून आडवा झाला. मी बेडरूमचं दार ओढून घेतलं. टेबलावर वही उघडी ठेवली, कशासाठी कोण जाणे. अडीच वाजले. तिकडे अकरा. मी स्पीकर न लावता, फोन कानाला धरून बसले. रिंग वाजत राहिली. सातव्या रिंगला तिनं उचलला.

"आई? काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"बाबा घोरतायत."

"मग? या वेळेला कसा काय फोन?"

मला दोन दिवस पाठ केलेलं काहीही आठवेना. तिच्या मागे पक्षी गात होता. सूर वरून निघाला आणि घरंगळत खाली आला. आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"विलो आहे गं. मागे विलो वॉर्बलर गातोय."

ती हळू म्हणाली, "हो. पाय दिसत नाहीयेत पण."

"मरू देत ते पाय," मी म्हटलं. "तुझ्याकडे किती वाजलेत?"

"अकरा वाजून पाच मिनिटं."

"आज सोमवार आहे."

"हो."

पक्ष्यानं ते गाणं आणखी दोनदा म्हटलं. मग तिचा श्वास ऐकू आला, आत घेतलेला आणि बाहेर न सोडलेला. लहानपणी न्हाणीघरात जाऊन रडायच्या आधी ती तसाच घ्यायची.

"आई, तू वेळ वाचलीस ना?"

"वाचली."

"मला वाटलं, तू पहिल्याच दिवशी वाचशील."

ती सांगत राहिली, आणि आता थांबत नव्हती. मार्चमध्ये तिची अख्खी टीम काढून टाकली होती. रोज अर्ज करत होती, रोज नकार येत होते. नवी नोकरी लागेपर्यंत राहायची परवानगी आणखी थोडेच महिने होती. घरात बसवत नव्हतं, म्हणून सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायची, ऑफिसला जावं तशी, आणि त्या बाकावर येऊन बसायची. पेढे आठवले की आमच्या दोघांसमोर तोंड उघडवत नव्हतं.

"मला तरी सांगता आलं असतं ना," मी म्हटलं. "मला एकटीला फोन करायचास."

"केला होता गं. दोनदा. दोन्ही वेळा तू 'थांब, बाबांनाही घेते' म्हणालीस आणि स्पीकरवर टाकलंस."

हेही खरं होतं. मला आठवलं.

"मग मी म्हटलं, पक्षी पाठवते," ती म्हणाली. "पक्षी फक्त तू बघतेस. आणि वेळ खरी लिहायची. आईला काही सुटत नाही, ती बरोबर पकडेल. बसमध्ये होतीस म्हणून मला कसं पकडलं होतंस! तसंच पकडेल आणि फोन करेल. मग मला सांगावं लागणार नाही, तूच विचारशील. आणि तू विचारलंस, पायांचा रंग."

"हो."

"एकोणीस वेळा, आई."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती हसत होती आणि रडत होती. आणि मी, टेबलावरच्या त्या वहीवर हात ठेवून, तिच्याहून जास्त रडत होते. दार ओढलेलं होतं तरी नवरा जागा होईल म्हणून पदर तोंडात धरला. मी तिला म्हटलं, "चुकलं माझं." जन्मात पहिल्यांदाच म्हटलं असेल लेकीला. ती म्हणाली, "असू दे गं." मी म्हटलं, "असू दे नाही. चुकलं."

मग बराच वेळ आम्ही काहीबाही बोललो. सकाळी काय खाल्लं. खरंच काय खाल्लं, ते. पावाचा एक तुकडा. तिच्याबरोबर कोण बसतं त्या बाकावर. कुणी नाही. मी पाण्याचं विचारलं. सरळ विचारलं, कारण न विचारून काय होतं ते मी पाहिलं होतं. ती म्हणाली, "एकदोनदा उगाच काठापर्यंत गेले. तेव्हाही तुला लिहिलं होतं. आताही तिथेच उभी आहे." मी म्हटलं, "आता काठावरून मागे ये. माझ्याशी बोलत बोलत मागे ये. बस बाकावर." तिच्या बुटांखालची खडी वाजलेली मला ऐकू आली. मग ती म्हणाली, "बसले."

बाबांना कसं सांगायचं ते ठरवायचं होतं. तिनं तिकडेच थांबून बघायचं की इकडे यायचं, तेही होतं. त्यातलं काहीच त्या दिवशी ठरलं नाही. मी फोन ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही. मधेच पक्षी गप्प झाला, उडाला असावा. तो कधी उडाला ते मी वहीत लिहिलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

मग तिकडे घंटा वाजायला लागली. मी मोजत होते, आणि तीही मोजत असणार, कारण बारावा ठोका झाल्याबरोबर ती बोलली.

"आई, आहेस ना?"

"आहे गं," मी म्हटलं. "मी कुठे जातेय."